तुम्ही विचारलंत म्हणून: चालू सेक्शन का बंद केला

‘तोटा नव्हता, मग टर्निंग सेक्शन बंद कशाला केलात?’ वागळे इस्टेटच्या टपरीवर विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. म्हणून एकदाच लिहितो.

तोटा नव्हताच. वर्कशॉपमध्ये सात लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायची मशीनं, सात माणसं, खर्च जाऊन चार पैसे उरायचे. पण नवं काही रुजायला जागा नव्हती, ना शेडमध्ये ना माझ्या डोक्यात. होलिंग या कॅनडातल्या परिसरशास्त्रज्ञानं जंगलाचे चार टप्पे मांडलेत: वाढ, साठवण, मोडणं, नवी मांडणी. तिकडं स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या रानात अळी पडते. फवारण्या करून झाडं वाचवली. पण जुनं दाट रान तसंच उभं राहिलं, म्हणजे अळीला ताट कायम वाढलेलं. माझे लेथ मी तसेच वाचवत होतो, उधारीवर माल देऊन.

त्यात 2016 ला ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरावर कारवी, हे रानझुडूप, फुलली. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि सगळी एकदम वाळते. मला वाटलं, सापडलं उत्तर. पुढच्या वर्षी सेक्शन बंद केला आणि वर माणसांपुढं कारवीवर भाषण ठोकलं. आठवलं की कान तापतात.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी तीनलाच मशीन थांबवलं. ब्रशनं चिप्स काढल्या, कूलंट पुसलं, बेडवर हातानं ऑइल फिरवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी करायचे तसं, गंज चढू नये म्हणून. सोमवारी भंगारवाला येणार हे त्यांना ठाऊक होतं. मग व्हर्नियरची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. ‘बघून घ्या शेठ.’ मी उगाच पेटी उघडून पाहिली. ते दारात थांबले.

‘कारवीचं बी त्याच डोंगरावर पडतं ना?’

‘हो,’ म्हणालो. ते डबा घेऊन गेले.

सगळ्यांचा हिशेब चुकता केला, ग्रॅच्युइटी दिली, दोघांना व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, शिकवलं. दोघांनाच, हेही लिहितो. मिस्त्री घोडबंदरला एका सोसायटीत वॉचमन आहेत. आज चौदा जण कामाला आहेत. तेव्हा बंद केलं नसतं तर सगळंच बसलं असतं, असं मी म्हणतो. सिद्ध कसं करणार? आणि रानात साठवण कधी संपली हे कुणी ठरवत नाही. इथं मी ठरवलं, आणि वाळणाऱ्यांत मी नव्हतो. तेव्हाच्या मला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग पगार तुम्ही द्या. त्याचंही खोटं नव्हतं.

2024 च्या पावसाळ्यात व्हीएमसीवरचा त्या दोघांतला एक जॉब लावता लावता म्हणाला, ‘शेठ, येऊरला कारवी फुललीय म्हणे.’

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून ऑफिसात गेलो.