निवडणारे आणि निस्तरणारे

मंगळवार, रात्री

आज ऑफिसात रेडिसचा, म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय पुन्हा निघाला. आमच्या प्रॉडक्टमध्ये ते पहिल्यापासून आहे. लॉगिनची सेशन्स, दरपत्रकं, मागे रांगेत लावलेली कामं, सगळा भार त्याच्यावर. साल्वातोरे सानफिलिपो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये ते लोकांपुढे ठेवलं, पुढे ते बीएसडी या मोकळ्या, जवळपास बिनअटी लायसन्सखाली वाढलं, आणि जगभर लोकांनी निर्धास्तपणे वापरलं. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांच्या वापराच्या अटी कडक केल्या. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रेडिसच्या जुन्या मोकळ्या कोडवरून व्हॅल्की नावाचा वेगळा प्रकल्प उभा राहिला. मग मे २०२५ मध्ये रेडिस ८ आलं आणि त्यात एजीपीएलचा, म्हणजे सेवा म्हणून चालवलं तरी बदललेला कोड खुला करायला लावणाऱ्या लायसन्सचा, पर्याय दिला गेला. यातलं काय घ्यायचं हे आमचं मात्र अजून ठरलेलं नाही, आणि जुनी आवृत्ती प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, तशीच चालू आहे.

मीटिंगमध्ये जो तो आपापल्या जागेवरून बरोबरच बोलत होता. लीगलवाल्यांना एजीपीएल नको, कारण त्यांच्या धोरणात तो शब्द दिसला की फाइल अडते. आर्किटेक्टला व्हॅल्की हवं. डिलिव्हरी मॅनेजरचं म्हणणं, क्लाउडवाल्यांची तयार सेवा घ्या आणि मोकळे व्हा. अमेरिकेतून कॉलवर असलेल्या प्रॉडक्टच्या मंडळींना फक्त तारीख हवी होती. बिघाड झाला की ज्यांचा फोन रात्री वाजतो त्यांच्यापैकी खोलीत मी एकटी, आणि तीही दुसऱ्या विषयासाठी बोलावलेली.

मी विचारलं, बदल झाल्यावर पहिले तीन महिने ऑन-कॉल, म्हणजे रात्रीच्या त्या फोनवर, कोण? कोणी उत्तर दिलं नाही. मिनिट्समध्येही तो प्रश्न आला नाही.

मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. सॉफ्टवेअर निवडणारे वेगळे आणि ते निस्तरणारे वेगळे. निवड तासाभरात होते, निस्तरणं वर्षानुवर्षं चालतं, आणि या दोघांची गाठ पडेल अशी सोय बहुतेक कंपन्यांत कुठेच नसते.

बुधवार

टीममधल्या एका मुलाने पेपर टाकले. मूळचा लातूरचा, कामाला चोख, अडचणीच्या वेळी आवाज न चढवणारा. ९० दिवसांचा नोटीस पिरियड आहे, तो कमी करून मिळेल का म्हणून धडपडतोय. एचआरच्या फॉर्मवर कारण लिहिलंय ‘चांगली संधी’. दुपारी खाली टपरीवर चहा घेताना खरं काय ते बोलला. “ताई, रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. नुसता मेसेज आला तरी. बायको म्हणते, वाकडला फ्लॅट झाला, गाडी झाली, पण तू घरात असतोस कुठे?”

तो ज्या गोष्टीपायी जागायचा ती म्हणजे आमचा काफ्काचा क्लस्टर, म्हणजे संदेश साठवून पुढे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांचा समूह. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं आणि २०११ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी मुक्त झाला. अवाढव्य लोंढा पेलण्यासाठीच ते बनवलंय, आणि त्या कामात त्याला तोड नाही. पण आमच्याकडे दिवसभरात येणारे संदेश पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या एका टेबलात मावतील. रांगेतली नोंद उचलताना दुसऱ्याने धरलेली ओळ वगळून पुढची घ्यायची सोय, ‘स्किप लॉक्ड’, पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून, म्हणजे २०१६ च्या सुरुवातीपासून आहे. तेवढ्याने आमचं काम भागलं असतं. त्याऐवजी काफ्काचे ब्रोकर, म्हणजे संदेश ठेवणारे सर्व्हर, आले, त्यांच्यासोबत त्यांच्यात समन्वय राखणारं झूकीपरही सांभाळायला आलं. आता काफ्काच्या ४.० मध्ये झूकीपरच काढून टाकलंय, म्हणजे तिथे पोचायच्या आधी जुन्या क्लस्टरला नव्या पद्धतीवर न्यायचं हे आणखी एक काम. ते या मुलाच्या गळ्यात पडलं होतं.

ज्याने हा क्लस्टर आणला तो गृहस्थ केव्हाच दुसरीकडे गेला, चांगल्या पगारावर. मला त्याचा राग येत नाही. खराडीपासून हिंजवडीपर्यंत कोणतीही जाहिरात उघडा, मागणी अमुक टूल, तमुक टूल अशीच असते. ‘कमी यंत्रणेत काम निभावलं’ असं रेझ्युमेवर लिहून कोणी बोलावत नाही. माणसाला ईएमआय आहे, पुढची नोकरी शोधायची आहे, तर तो प्रॉडक्शनवरच शिकणार. कंपनीने पगारी वेळेत, एखाद्या बिनधोक अंतर्गत कामावर शिकायला दिलं असतं तर ही भूक तिथे भागली असती. हे मी अप्रेझलच्या वेळी वरपर्यंत बोलले आहे. यावर्षी लेखी देणार आहे.

मुलाचं मन वळवायचा प्रयत्न मी केला नाही. त्याला झोप हवी आहे आणि ती मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

गुरुवार

आज नव्या मुलीला सर्व्हर बदलण्याचं जुनं प्रकरण समजावून सांगत होते. नांदेडची आहे, डेटाबेसमध्ये मनापासून रस आहे. सांगता सांगता मलाच पुन्हा जाणवलं की एक निवड किती लांबवर जाते, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

आमचे डेटाबेस सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर होते. कोणीतरी, केव्हातरी, फुकट आणि भरवशाचं म्हणून घेतलेलं, आणि त्या वेळी निर्णय योग्यच होता. पुढची पायरी सेंटओएस ८ ची, तिला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीलाच बंद होणार. मग तिची जागा घ्यायला रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स पुढे आले. पुष्कळ जण सातवरच थांबले, आम्हीही थांबलो, कारण त्याला ३० जून २०२४ पर्यंत मुदत होती. ती जवळ आली तसं हलणं भाग पडलं.

वरवर पाहता काम सोपं. नवं मशीन उभं करायचं, रेप्लिकेशनने, म्हणजे चालू डेटाबेसची सतत प्रत करत, डेटाच्या फाइली जशाच्या तशा तिकडे न्यायच्या, एका रात्री इकडचं बंद करून तिकडचं चालू करायचं. चाचणीत सगळं हिरवं होतं. फक्त एक क्वेरी एका ग्राहकाला शोधायला गेली आणि ‘सापडला नाही’ म्हणाली. ग्राहक टेबलात होता. पूर्ण टेबल वाचलं की दिसायचा, इंडेक्समधून, म्हणजे झटपट शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूचीतून, शोधलं की गायब.

कारण पोस्टग्रेसमध्ये नव्हतंच. अक्षरांचा क्रम ठरवायला पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर, म्हणजे जीलिबसीवर विसंबतं. जीलिबसीच्या २.२८ या २०१८ च्या आवृत्तीत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ होती, नव्या मशीनवर २.२८. एक, हायफन, एक असा कोड आणि नुसता अकरा, यांत आधी अकरा पहिला यायचा, नव्या नियमात हायफनवाला पहिला येतो. आमच्या ग्राहकांचे कोड हायफनने भरलेले. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने चालतोय, म्हणून तो चुकीच्या फांदीवर उतरतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्याहून वाईट म्हणजे, युनिक असायला हवी अशी नोंद ‘सापडली नाही’ म्हणून दुसऱ्यांदा आत घेतली जाऊ शकते. एरर येत नाही, अलार्म वाजत नाही. महिन्यांनी बिलं दुहेरी निघाली की कळणार.

मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधणं हा उपाय. किंवा फाइली न उचलता लॉजिकल रेप्लिकेशनने ओळी पाठवायच्या, म्हणजे तिकडचे इंडेक्स नव्या नियमानेच बनतात. आम्ही दुसरी वाट घेतली. आधी ‘अ‍ॅमचेक’ या इंडेक्स तपासणाऱ्या साधनाने तपासणी केली आणि नंतरही केली. मोठ्या टेबलांना वेळ लागला, पण एकही दुहेरी नोंद झाली नाही.

नव्या मुलीने विचारलं, “मग मॅडम, हे निवडताना कोणाला कळणार होतं?” कोणालाच नाही. सेंटओएस घेताना जीलिबसीचा विचार कोणी करत नाही, करूही शकत नाही. पण चाचणीत ती एक क्वेरी बघणारा माणूस टीममध्ये टिकलेला असणं, ही मात्र कंपनीच्या हातातली गोष्ट होती. काल ज्याने पेपर टाकले, त्यानेच ती क्वेरी पकडली होती.

शनिवार

सकाळी विद्यापीठाच्या बाजूला काम होतं. गणेशखिंडीतून जाताना सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची आठवण निघतेच. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळेना म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. तिच्यातला एक भाग मला जास्त मोलाचा वाटतो. परममधले प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, बाजारात मिळणारे. ते एकमेकांना जोडायचं कसं, एकाच वेळी कामाला कसं लावायचं, हे इथल्या माणसांनी स्वतः केलं. काय विकत घ्यायचं आणि कशाचं ज्ञान आपल्याच माणसांकडे हवं, याची ती फार विचारपूर्वक केलेली वाटणी होती.

आमच्या डिलिव्हरी मॅनेजरला मला हेच सांगायचंय. तयार सेवा घ्यायला माझी हरकत नाही. रात्रीचे पॅच, बॅकअप, फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्यावर नेणं) दुसऱ्याने केले तर मला आनंदच आहे. पण आत काय चाललंय हे कळणारं आमच्यात कोणीच उरणार नसेल, तर बिल दुप्पट झालं तरी तिथून उठून जाता येणार नाही. पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेताना अकरा महिन्यांच्या करारात आपण घर सोडण्याचं कलम आधी वाचतो, नोटीस किती आणि डिपॉझिट कधी परत. लाखो ग्राहकांचा डेटा एखाद्या सेवेत ठेवताना तेवढंही कोणी वाचत नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

संध्याकाळी बसून निर्णयाचं टिपण लिहिलं. माझं मत व्हॅल्कीच्या बाजूने आहे. ते रेडिस ७.२.४ वरून निघालंय, त्यामुळे आमच्या क्लायंट लायब्ररी आणि कमांड तशाच चालतात. लायसन्स बीएसडीच आहे, म्हणजे लीगलची फाइल अडणार नाही. शिवाय एकट्या कंपनीच्या हाती नसल्याने अटी पुन्हा एका रात्रीत बदलण्याची भीती कमी. रेडिस ८ मध्ये आता पुष्कळ गोष्टी आत आल्या आहेत आणि ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, हेही लिहिलंय. आम्हाला त्या जादा गोष्टी लागत नाहीत, एवढाच मुद्दा.

टिपणाच्या शेवटी दोन रकाने वाढवले. पहिल्यात, हे पुढे सोडायचं झालं तर डेटा कोणत्या रूपात बाहेर येईल आणि ते करून कोणी पाहिलंय. दुसऱ्यात, सहा महिने ऑन-कॉल राहणाऱ्यांची नावं आणि त्यांची संमती. ती नावं रिकामी असतील तर मी सही करणार नाही, असं मॅनेजरला फोनवर सांगितलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, “सोमवारी टीमलाही बसवूया.” मी लगेच निमंत्रण पाठवलं. नव्या मुलीला आणि नोटीस पिरियडवर असलेल्या त्यालाही.