घोरपड कुठून आली?

स्मरणिकेसाठी "सरांविषयी काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा आधी आठवला तो त्यांचा लाल शेरा. नववीची सहामाही. सिंहगडच्या लढाईवर मी दीड पान लिहिलं होतं. यशवंती घोरपड, तिच्या कमरेचा दोर, ती कड्यावरून परत फिरली म्हणून तानाजीने तिला दिलेली दटावणी, सगळं. पाचापैकी अडीच मार्क, आणि समासात लिहिलेलं: 'घोरपड कुठून आली?'

मला राग आला. आमचे आजोबा जत्रेत ऐकलेला पोवाडा ओसरीवर बसून म्हणायचे. घोरपड चढायला लागली की त्यांचा हात आपोआप भिंतीवरून वर सरकायचा. आजोबा खोटे की सर खोटे, एवढाच सवाल घेऊन मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेलो. सर जेवत होते. डबा झाकला, हात धुतले, वाचनालयाच्या कपाटातून सभासदाची बखर काढली. म्हणाले, "यात शोध. सापडली तर उरलेले अडीच देतो."

तीन दिवस शोधली. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. लढाई 4 फेब्रुवारी 1670 ची, म्हणजे मध्ये पाव शतक गेलेलं. तिथे मावळे रात्री कडा चढतात, वानरासारखे चढतात. घोरपड नाहीच. रायबाचं लग्नही नाही. महाराज 'सिंह गेला' म्हणत नाहीत; एक गड घेतला पण एक गड गेला, अशा अर्थाचं बोलतात. वर सरांनी माझी पुरतीच वाट लावली: 'सिंहगड' हे नाव 1663 च्या पत्रातच आहे, तानाजी पडायच्या सात वर्षं आधी.

माझा चेहरा बघून म्हणाले, "अरे, आजोबा खोटे नाहीत. पेपरात लिहायचं नाही, एवढंच."

त्याच डिसेंबरात शाळेची सहल सिंहगडावर गेली. लाल एस.टी., पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, दोघा-तिघांच्या उलट्या. ते सगळ्यांच्याच आठवणीत असेल. मला आठवतो तो कडा. सरांनी आम्हाला काठापासून चार हात मागे बसवलं आणि म्हणाले, "माघ वद्य नवमी. चंद्र उगवायला मध्यरात्र. थंडी. वर पहारा. आता सांगा, पहिला माणूस वर कसा गेला?" कुणी बोलेना. "बखर म्हणते, चढला. पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आलाय, त्याला नुसतं 'चढला' पुरत नाही. त्याच्या हाताला धरायला काहीतरी द्यावं लागतं. शाहिराने घोरपड दिली."

"पण घोरपडच का?" मी अजून अडीच मार्कांवरच होतो.

सर हसले. घोरपडे घराण्याच्या आडनावाची गोष्ट सांगतात, तीही अशीच: बहमनी काळात खेळणा किल्ल्यावर घोरपडीला दोर बांधून चढल्याची. गोष्टी एकमेकींकडून असं मागून आणतात, शेजारणीकडून विरजण आणावं तसं. मग जाता जाता म्हणाले, "सिंहगडानंतर महिन्याभरात निळोपंतांनी पुरंदर घेतला. त्याचा पोवाडा येतो कुणाला?" येत नव्हता. आजही येत नाही. पुरंदर काही लहान गड नव्हे. मला वाटतं, गड मिळाला आणि माणूस गेला, हे एकाच रात्रीत घडलं म्हणून सिंहगड लोकांच्या जिवाला लागला. नुसता विजय पाठ होत नाही.

आता सरांविषयी. मी दहावीला असताना, 1987 च्या पावसाळ्यात, ओढ्याला पूर आला आणि चाचणीच्या दिवशी सर पलीकडच्या गावात अडकले. ते आले. लांबच्या पुलावरून, एका ट्रॅक्टरवर मागे उभं राहून, सव्वाअकराला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. पेपर पिशवीत, पिशवी छातीशी. मी व्हरांड्यात होतो, मी पाहिलं. आल्या आल्या त्यांनी घंटा द्यायला सांगितली आणि कोरा चहा मागवला.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असलेला एकजण माईक घेऊन हेच सांगत होता. त्याच्या तोंडी पूल नव्हता, ट्रॅक्टर नव्हता. सर ओढ्यात उडी घेतात, पेपरांचं बोचकं डोक्याला बांधलेलं. धार त्यांना ओढून नेते, तेवढ्यात एक म्हैस पोहत येते, तिचं शेपूट धरून सर काठाला लागतात. एक कागद भिजलेला नाही. मांडव टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारच्या बाईंनी पदराने डोळे पुसले.

जेवणाच्या पंगतीत तो नेमका माझ्या बाजूला बसला. मला राहवलं नाही. विचारलं, "काय हो, ती म्हैस कुठून आली?"

"म्हैस?" पुरी मोडता मोडता तो म्हणाला, "आमच्या आळीतलीच होती."