देशी झाडं होती, मग मेली कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "देशी झाडांना काही लागत नाही म्हणालात, मग मागच्या उतारावरची मेली कशी?" लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, जिन्यात हाच प्रश्न. उत्तरही विचारणाऱ्याकडे तयार असतं: उन्हाळ्यात पाणी घातलं नसेल.

पाणी घातलं होतं. ती झाडं उन्हाने गेलीच नाहीत, पावसाळ्यात बुडून गेली.

मुलुंडच्या या उतारावर वर चार बोटं माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पहारीने दीड-दीड फुटाचे खड्डे काढले, निघालेला मुरूम फेकून दिला आणि विकतची लाल माती व शेणखत निम्मं-निम्मं भरलं. त्यात बहावा, आपटा, पांढरा कुडा आणि एक तामण लावली. जूनमध्ये पालवी अशी फुटली की सगळे खूश. पण तळाला अखंड खडक, बाजूंना घट्ट मुरूम आणि मध्ये भुसभुशीत माती म्हणजे हौदच तो. उतारावरचं पाणी आत शिरायचं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत.

ऑगस्टमध्ये दोन दिवस ऊन पडलं आणि पिवळ्या पडलेल्या रोपांनी माना टाकल्या. तहानलीत असं वाटून मी त्यांना बादलीने पाणी घातलं. ते आजही सलतं. कुड्याचं रोप उपटलं तेव्हा मुळाची साल बोटांत सुटून आली, आत नुसता काळा दोरा, आणि वास गटाराचा. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. झाड चिखलात उभं राहून तहानेने सुकतं. माती दोन बोटं उकरून पाहिली असती तरी कळलं असतं.

टेकडीवर कुडा खडकाच्या भेगेतही वाढतो, हे मला ठाऊक होतं. भेगेतून पाणी निघून जातं, एवढं मात्र ध्यानात घेतलं नाही.

आता खड्डा काढला की आधी तो काठोकाठ भरून बघतो. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर पहारीने तळ फोडायचा किंवा उताराच्या बाजूची कड फोडून चर काढायचा. तेही जमत नसेल तर तिथे झाड लावायचंच नाही, तेरड्याचं बी टाकायचं. भरताना निघालेलाच मुरूम तीन घमेली, त्यात कुजलेलं खत एक घमेलं. रोप जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच बसवायचं, कारण माती दबते. पालापाचोळ्याचा थर चार इंच, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर बुंधा कुजतो. नर्सरीतल्या रोपाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असली तर ती मोकळी करून, फार गुंतलेली कापूनच लावायची.

"काही लागत नाही" हे वाक्य माझंच होतं, ते चुकलं. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी प्रत्येक रोपाला एक बादली पाणी लागतंच, सावकाश मुरवलेलं. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुडा पानं गाळतो, त्याला मेला म्हणू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवी असेल तर तो जिवंत आहे. कळलावी तर हिवाळ्यातच जमिनीवरून नाहीशी होते आणि पाऊस आला की कंदातून वर येते. तिथे कोणी खणू नका, हे किती वेळा सांगायचं?

तामणीचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. ती ओढ्याकाठची, म्हणून त्याच हौदात एकटी तगली. पण मे महिन्यात तिचीच पानं कडेने करपतात आणि सगळ्यात जास्त बादल्या तिलाच लागतात. राज्यफूल आहे, काढू नका, असं तुम्ही म्हणता. मीही हात आखडला आहे. पण या मुरमावर ती देशी म्हणायची का?