पाणी काळं, तरी अंडी कुजतात

ऐन मे महिन्यात धुळ्यातल्या देवपुरातून फोन आला. टाकीतला नर मासा घरटं बांधतो, अंडी मात्र टिकत नाहीत. जोडी 'बेटा पर्सेफोनी'ची. मलेशियात जोहोरच्या पीट (अर्धवट कुजलेला पालापाचोळा) दलदलीतला हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा काळानिळा मासा. दलदली कोरड्या करून पाम तेलाचे मळे झाले, तसा तो धोक्यात आला.

टाकी 30 लिटरची, दलदलीसारखं व्हावं म्हणून देशी बदामाची पानं टाकून पाणी कोऱ्या चहासारखं केलेलं. पानाखाली बुडबुड्यांचं घरटं, त्यातल्या अंड्यांवर पांढरी लव. नर एकेक अंडं तोंडात घोळवून परत वर चिकटवत होता.

"भाऊ, पानी ते काळं व्हई गय ना!" मालक म्हणाले.

मीटर आणि टेस्ट किट लावलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 410, पीएच 7.8, म्हणजे आम्लधर्मी नाहीच, केएच (कार्बोनेटचं प्रमाण) 9. बदामाची पानं रंगाबरोबर आम्लही सोडतात, पण बोअरच्या पाण्यातले कार्बोनेट ते गिळून टाकतात. केएच 9 असताना पोतंभर पानं टाका, पीएच फारसा हलणार नाही. आम्लधर्मी पाण्यात जिवाणू कमी असतात. या माशाची अंडी त्याच भरवशावर असतात.

टाकीत आरओचंच पाणी टाकतो, असं त्यांचं म्हणणं. खरं होतं, पण मशीनच्या नळाला टीडीएस 95! चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू आत असतो. तो बंद केला, 12 वर आलं. उरलेला क्षार उघड्या टाकीतला: उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतो, आणि लाइट गेली की भर बोअरची.

पाणी एकदम बदलायचं नाही. रोज 15 टक्के काढून तेवढंच आरओ, हवेच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब. टीडीएस 40 च्या खाली यायला दोन-अडीच आठवडे लागतात. केएच शून्यावर आला की मग तीन पानं आणि उकळलेलं मूठभर पीट जाळीच्या पिशवीत. इतक्या मऊ पाण्यात पीएच मोजायचा पेन भरकटतो. दोन-तीन मिनिटं थांबूनच आकडा घ्यावा. 5 च्या आसपास पुरे.

खरा धोका यापुढे. पीएच 6 खाली गेला की फिल्टरचे जिवाणू मंदावतात, घाण अमोनियम होऊन साठते. ते फारसं विषारी नसतं. पण कुणी बोअरचं पाणी ओतलं की पीएच चढतो, त्या अमोनियमचाच विषारी अमोनिया होतो आणि सकाळी मासे मरून तरंगू शकतात. म्हणून भर फक्त आरओची, वेगळ्या खूण केलेल्या कॅनमधून. वर झाकण घट्ट. हा मासा पाण्यावरची हवाही घेतो, म्हणून कूलरचा वारा थेट टाकीवर नको.