पठारावरची पहाट आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

पहाटे पठारावरचा मुक्काम हलवला. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला: घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. दिवा स्थिर होता. तोच आधी मिनिटभर लुकलुकला असता, तर दोष हवेचा नाही, यंत्रणेचा. बहुधा चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली.

गाडी तिथेच उभी करून गेज लावलं. टायर गार असतानाचं मापच खरं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर चारही चाकांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेले. टायरच्या कडेवरचा मोठा आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरायची नसते. तीन चाकांत २९-३० निघाले, मागच्या डाव्यात २३.

आदल्या दुपारी ३० अंशांत बरोबर ३३ भरले होते, पहाटे पारा ८ वर. सहाएक अंश उतरले की साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणजे तिघांचा हिशेब थंडीनेच जुळला. पण बऱ्याच गाड्यांत दिवा लागतो तो हवा पाव हिश्शाने कमी झाल्यावर, इथे २५च्या आसपास. तेव्हा दोषी चौथं चाक.

साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग रिमच्या कडेला, मग नक्षीवर सोडलं. नक्षीत रुतलेल्या स्क्रूभोवती बारीक बुडबुडे आले. स्क्रू उपटला नाही. भोकाला तेवढंच बूच असतं. इंजिन चालू ठेवून १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने चारही चाकं ३३ वर आणली. हे छोटे कॉम्प्रेसर सलग दहाएक मिनिटांपेक्षा जास्त चालवले की तापतात, म्हणून दोन चाकांनंतर विश्रांती. वीस मिनिटांनी चौथं चाक पुन्हा मोजलं. आकडा हलला नव्हता, म्हणून सावकाश निघालो. डोळ्यांदेखत उतरला असता, तर स्टेपनीच. डब्यातून भरायचं सीलंट मी टाळतो, काही सेन्सर त्याने निकामी होतात.

चाकात सेन्सर असेल तर थोडं अंतर चालल्यावर दिवा आपोआप विझतो. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या गाड्यांत (हवा कमी, त्रिज्या लहान, म्हणून चाक जास्त फिरतं) रिसेट करावं लागतं. आधी हवा, मग रिसेट! उलट केलं तर कमी हवाच गाडी प्रमाण धरते.

पुढच्या गावात टायर उतरवून आतून पॅच मारला. भोक कडेच्या भिंतीत असतं, तर टायरच बदलावा लागला असता. दुपारी गेजवर ३७ दिसले. तापलेल्या टायरची ही वाढ काढून टाकायची नसते. हजार मीटर खाली उतरलं की बाहेरचा दाब वाढतो आणि गेज दीडेक पीएसआय कमी दाखवतं, म्हणून घाट उतरल्यावर दुसऱ्या सकाळी गार टायरांवर पुन्हा माप घेतलं.