परसातल्या डासांचे बारा हजार
आज पेस्ट कंट्रोलवाल्याला घरी बोलावलं होतं. आमचं शामरावनगर, शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं पावसाचं पाणी हलतच नाही आणि आई संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेली की डास नुसते फोडून काढतात तिला. त्यानं परस बघितलं, एका धूरफवारणीचे १५०० सांगितले, वर म्हणाला पावसाळाभर महिन्यातनं दोनदा करायला लागंल. म्हणजे चार महिन्यांचे १२,००० झाले की!

मी विचारलं यानं अळ्या पण मरतात का, तर पोरगं खरं बोललं, म्हणलं काका धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. बरं वाटलं मला त्याचं. पण मग अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, पाणी तसंच राहिलं तर पुढच्या फवारणीआधीच नवीन पिढी तयार, पैसे कशाचे द्यायचे?

डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि घरातल्या नाहीतर घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कुंडीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे, करवंट्या, बिनझाकणाची टाकी. आणि अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला लागतात. दुपारभर तेच केलं आम्ही दोघांनी. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली, हौदात सोडायला अळ्या खाणारे गप्पी मासे उद्या महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारतो.

राहिला तो प्लॉट. मालक पुण्याला असतो म्हणे, गल्लीत कुणाकडं नंबर असंल तर इनबॉक्स करा प्लीज, भर टाकून घ्यायची विनंती सगळे मिळून करू.