तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा कुठला?

ठाण्याच्या तलावपाळीचा मी काढलेला व्हिडिओ ज्याला ज्याला दाखवला त्याचा पहिला प्रश्न हाच, कॅमेरा कुठला गं? आणि दुसरा, ड्रोन उडवतेस का? ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर साखरपुड्यात शेजारी जेवायला बसलेल्या काकांनी सुद्धा विचारलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, दीड मिनिटाचा आहे, वरून तलावपाळीचा मासुंदा तलाव दिसतो पण बोटी टबात सोडलेल्या खेळण्यांसारख्या, रिक्षा काडेपेटीएवढ्या, माणसं बोटाच्या पेराएवढी आणि सगळं तुरुतुरु पळतंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

ड्रोन नाही. मामीची सहाव्या मजल्यावरची गॅलरी आहे. आणि कॅमेरा म्हणजे कॅननचा पॉवरशॉट एसएक्स १६०, २०१२ सालचं मॉडेल, मी सेकंडहँड साडेतीन हजारांना घेतला, दोन पेन्सिल सेलवर चालतो (साधे सेल टाकू नका, पटकन संपतात, रिचार्जेबलच घ्या). त्यात मिनिएचर इफेक्ट म्हणून एक मोड आहे, तो चित्राचा मधला एक पट्टा शार्प ठेवतो आणि वरचा-खालचा भाग धूसर करतो, आणि व्हिडिओ काढताना ५, १० नाहीतर २० पट वेग निवडता येतो. आवाज रेकॉर्ड होतच नाही. २० पटीला खरं एक मिनिट म्हणजे ३ सेकंद, म्हणजे माझ्या दीड मिनिटासाठी तीस मिनिटं शूट लागलं. कॅमेऱ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

खरी गंमत डोळा का फसतो त्यात आहे. एखादी छोटी वस्तू, समजा गौरीपुढे मांडलेली भातुकली, अगदी जवळून फोटोत घेतली तर एक कढई शार्प येते आणि पुढची-मागची भांडी धूसर होतात. असे फोटो बघून बघून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की पुढे-मागे धूसर म्हणजे वस्तू लहान. मग तोच धूसरपणा अख्ख्या तलावाला दिला की डोकं म्हणतं, हे खेळणं आहे. हे खऱ्या लेन्सने पण करतात, टिल्ट-शिफ्ट म्हणतात तिला, लेन्सच तिरकी करता येते आणि किंमत लाखाच्या घरात जाते. लेन्स तिरकी केली की शार्प भाग कुठे पडतो, त्याचा नियम थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करातल्या कॅप्टनच्या नावाने ओळखला जातो, त्याने १९०४ मध्ये पेटंट घेतलं होतं, आणि त्याला खेळणीबिळणी काही करायची नव्हती, आकाशातून काढलेल्या फोटोंमधला तिरकेपणा काढायचा होता. मला हे फार आवडतं, की चित्र सरळ करायला निघालेल्या माणसाच्या नियमावर आपण आज शहर लहान करून बघतोय.

म्हणून माझं म्हणणं, कॅमेऱ्याच्या आधी जागा शोधा. खेळणं आपण कायम वरून बघतो ना, जमिनीवर पसरलेलं, मग शूट पण वरूनच हवं आणि बऱ्यापैकी खाली झुकून. जिन्याच्या खिडक्या, गच्च्या, नातेवाइकांच्या गॅलऱ्या, सगळं पालथं घाला. पण फार उंचही नको, घोडबंदर रोडला मैत्रिणीच्या बाविसाव्या मजल्यावर मी दोन रविवार घालवले आणि हाती काही लागलं नाही, माणसं ठिपके होऊन जातात आणि फ्रेममध्ये जिकडेतिकडे टॉवर. टॉवर हा मोठा शत्रू आहे. कारण धूसर पट्टे आडवे असतात, त्यामुळे बिल्डिंगचा तळ शार्प येतो आणि वरचे मजले धूसर, खरं तर दोन्ही आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात, आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. तलाव म्हणूनच बेस्ट. सपाट पाणी, मध्ये उंच काही नाही, बोटी सावकाश फिरतायत.

वेगाचं गणित मात्र स्वतः करून बघा, मी ते चुकून शिकले. कळव्याला एका गच्चीवरून लोकल काढली, २० पटीला, आणि गाडी पळायच्या ऐवजी नुसती उड्या मारत होती. का, तर व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं दाखवतो, २० पटीला कॅमेरा खऱ्या सेकंदात दीडच चित्र घेतो, आणि ताशी ६० किलोमीटरने जाणारी लोकल दोन चित्रांच्या मधल्या वेळात ११ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे अर्धा डबा. ५ पटीला तेच अंतर तीन मीटरच्या आत येतं आणि गाडी छान खेळण्यातल्यासारखी सरकते. आता मी लोकल ५ ला, बसेस आणि चालणारी माणसं १० ला, बोटी आणि ढग २० ला, असं ठरवूनच टाकलंय.

ऊन कडक हवं. कडक उन्हात शटर पटकन पडतं, त्यामुळे हलणारी वस्तू पुसट न येता प्रत्येक चित्रात ठाम उभी दिसते, कुणीतरी हाताने एकेक इंच सरकवल्यासारखी. थंडीतल्या सकाळी ठाण्यावर धुरकट पडदा असतो, तेव्हा रंग मरतात. पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, रिक्षांची टपं पिवळीधमक दिसतात, तेच माझे दिवस. ढग येऊन-जाऊन असतील तर मी काढतच नाही, कॅमेरा आपोआप उजेड कमीजास्त करत बसतो आणि व्हिडिओ बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडतो.

ट्रायपॉड नसला तरी चालेल. मी गॅलरीच्या रुंद कठड्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवते, त्यात कॅमेरा दाबून बसवते, आणि कॅमेऱ्याचा पट्टा ग्रिलला बांधते, हे कधीही विसरू नका, खाली माणसं असतात. काचेमागून काढणार असाल तर कॅमेऱ्याभोवती काळी ओढणी गुंडाळा, प्रतिबिंब जातं. स्टेशनच्या आवारात ट्रायपॉड लावायला जाऊ नका, परवानगीचा विषय आहे. आणि कॅमेराच नसेल तर फोनवर दर २ सेकंदांनी एक असे २५० फोटो घ्या, आठ-साडेआठ मिनिटं लागतील, सेकंदाला २५ अशा वेगाने जोडले की १० सेकंदांचा तुकडा होतो, वरचा-खालचा धूसर पट्टा एडिटिंगमध्ये द्या. रंग थोडे चढवा. थोडेच.

पण एवढं करून मी हे का करते, तर त्या अर्ध्या तासात जे दिसतं त्यासाठी. रिक्षा स्टँडच्या रांगेत पुढची रिक्षा गेली की मागचे चालक इंजिन चालू न करता एक पाय बाहेर काढून रिक्षा ढकलत पुढे घेतात, आपण रोज बघतो आणि बघत नाही. वेगात बघितलं की अख्खी रांग माळेतल्या मण्यांसारखी एकामागून एक सरकते, इतकं सुंदर दिसतं ते.

आणि एकदा मामीच्या मागच्या खिडकीतून बाजाराचा रस्ता काढला, घरी येऊन टीव्हीवर लावला, तर आई एकदम म्हणाली, थांब थांब, ती मीच. खरंच तीच होती, हिरवी साडी, हातात निळी पिशवी. एका भाजीवालीपाशी थांबली, पुढे गेली, दुसरीपाशी थांबली, तिसरीपाशी, चौथीपाशी, आणि मग सरळ उलटी फिरून पहिलीकडे येऊन बसली. खरी पंचवीस मिनिटं, टीव्हीवर सव्वा मिनिट. आईने तो तुकडा चार वेळा लावायला लावला. म्हणाली, तिच्याकडचीच मेथी चांगली असते, मला पहिल्यापासून माहितीये.

आता रविवारी बाजाराला निघताना ती विचारते, आज लावणारेस का कॅमेरा? हो म्हटलं की पाऊस नसला तरी लाल छत्री घेते, म्हणजे टीव्हीवर सापडायला बरी.